अनसाबाईंच्या शेजारची जागा

जळोचीच्या रस्त्याला माझा स्टुडिओ होता, तो बंद केल्यापासून मी रिकामटेकडा झालोय असा लोकांचा समज आहे. त्यामुळं कुणीही उठतो, हातात मोबाईल घेऊन घरी येतो आणि म्हणतो, मास्तर, ते कंपोझिशन जरा समजावून सांगा की. मी चहा ठेवायला सांगतो आणि मग म्हणतो, बाबा, आधी समोरच्या माणसाकडं बघायचं सोड. तो मध्येच उभा आहे, पळून जात नाही. चौकटीच्या चारी कडा बघ. नवरीच्या डोक्यातनं विजेचा खांब उगवलाय का, सासऱ्याच्या कानाशी कुणाची पिशवी लोंबतीय का. घोटाळा सगळा कडेला असतो.

हे ज्ञान माझं नाही. इंदापूरला एसटी स्टँडच्या समोर रशीदचाचांचं दुकान होतं, तिथं मी शिकलो. चाचा फार बोलायचे नाहीत आणि बोलले की लागेल असंच बोलायचे. कितीतरी महिने त्यांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. नुसतं गिऱ्हाईक बसवायचं. हनुवटी जरा खाली, खांदे सैल, पोटावरचे हात मांडीवर. माणूस स्टुलावर बसला की का कुणास ठाऊक, श्वास रोखून धरतो, जणू डॉक्टर तपासणार आहे. त्याला बोलतं करायचं, उसाला यंदा तोड कधी मिळाली विचारायचं, आणि तो कारखान्याला शिव्या घालायला लागला की चाचा हळूच बटण दाबायचे.

एक्स्पोजर म्हणजे काय, हे आमच्या भागात समजावणं सोपं आहे. आमचा शेतकरी म्हणजे पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि उन्हानं रापलेला चेहरा. कॅमेऱ्यातलं उजेड मोजायचं मीटर एवढं पांढरं बघून बिचकतं आणि उजेड आत घ्यायला हात आखडतं. मग टोपीची घडी न् घडी दिसते आणि चेहरा तव्याच्या बुडासारखा येतो. उलट चेहऱ्याला लागेल तेवढा उजेड द्यावा तर टोपी-सदरा सपाट पांढरे होऊन जातात. दोन्ही एकदम पदरात पडत नाहीत. मी चाचांना विचारलं, मग धरायचं काय? ते म्हणाले, "कपडे त्यांच्या घरी आहेत. तू चेहरा धर." एवढ्या एका वाक्यावर माझा धंदा चालला.

अर्थात सगळ्यांनाच चेहरा हवा असतो असंही नाही. सुप्याकडचे एक तात्या नवा ट्रॅक्टर घेऊन थेट दुकानापुढं आले. हार घातलेला, गंध लावलेलं, शेजारी स्वतः तात्या. मी चांगला जवळून, चाकावर हात ठेवलेला फोटो काढून दाखवला. तात्यांचं तोंड उतरलं. मागचं चाक कापलं होतं ना. म्हणाले, माणूस कापला तर कापू दे, ट्रॅक्टर कापू नका. शेवटी मी रस्त्यापलीकडं जाऊन काढला. त्यात तात्या करंगळीएवढे दिसतात, पण ट्रॅक्टर नांगरासकट आलाय आणि तो फोटो त्यांच्या दारात अजून आहे. गिऱ्हाईक खूश, मी गप्प.

पण माझं खरं नाव झालं ते जोडफोटोंनी. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं पूर्वी नवरा-बायकोनं शेजारी बसून फोटो काढायची पद्धतच नव्हती. दोघंही गेली की मुलांना जाग येते. वडिलांचा फोटो असतो सोसायटीच्या ओळखपत्रावरचा, आईचा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला, अर्धा पदराआड. ते दोन घेऊन यायचं आणि म्हणायचं, मास्तर, जोडी करून द्या. मग मी डोकी वेगळी काढायची, धडांवर बसवायची, मागं निळा पडदा टाकायचा. धडं माझ्याकडं तयार असायची. बाईला हिरवी पैठणी, गड्याला काळा कोट, मांडीवर हात आणि बोटात अंगठी. तो कोट मुळात एका कापड दुकानदाराचा. तो बिचारा दुकान सोडून कुठं गेला नाही, पण त्याचा कोट निम्म्या तालुक्याच्या भिंतींवर जाऊन बसला.

एकदा त्यावरनं पंचाईत झाली. एका घरी सोयरीक जुळत आली, पोरीकडची माणसं घर बघायला गेली, आणि तिथल्या भिंतीवरच्या आजोबांच्या बोटात पोरीच्या आजीला आपल्या मालकांची अंगठी दिसली. तुमच्याकडं ही आली कशी म्हणून ती हटून बसली. शेवटी मला बोलावणं आलं. मी हात जोडून सांगितलं की आजी, अंगठी दोघांचीही नाही, ती माझ्या कॉम्प्युटरातली आहे. तुमच्या मालकांनी जन्मात अंगठी घातली होती का, आठवा बरं. म्हातारी विचारात पडली. घातली नव्हती. पण रोज फोटो बघून बघून तिला ती खरी वाटायला लागली होती. सगळे हसले, लग्नही झालं, आणि मी दोन्ही फोटोंतले हात बदलून दिले. ही गोष्ट मी पुढं कितीतरी वर्षं रंगवून सांगायचो. आता सांगत नाही.

त्याचं कारण लासुर्ण्याच्या अनसाबाई.

लासुर्ण्याचे बाळासाहेब माझं जुनं गिऱ्हाईक. ऊस आहे, डाळिंब आहे, माणूस सरळ आणि हौशी. त्यांनी शेतातच नवा बंगला बांधला आणि वास्तुशांतीच्या आधी माझ्याकडं आले. हॉलमध्ये आई-वडिलांचा जोडफोटो लागणार होता, तो मीच केलेला. त्याच्या शेजारी त्यांना आत्याचा आणि आत्याच्या यजमानांचा जोडफोटो हवा होता. आत्या म्हणजे अनसाबाई. सुप्याकडं एका खेड्यात दिलेल्या. लग्नाला वर्ष होतंय न होतंय तोवर यजमान विहिरीच्या कामावर दरड कोसळून गेले आणि अनसाबाई भावाकडं परत आल्या त्या कायमच्या. बाळासाहेबांची आई सदा आजारी, त्यामुळं बाळासाहेबांना न्हाऊ-माखू घालून वाढवलं ते ह्या आत्यानंच. बाळासाहेबांचं म्हणणं साधं होतं. घर तिच्या जिवावर उभं आहे, तर भिंतीवर तिची जागा माझ्या आईच्या बरोबरीनं पाहिजे.

मला वाटलं, सोपं काम आहे. त्या घरातली सगळी कार्यं मीच काढलेली, बारशापासून साखरपुड्यापर्यंत. अनसाबाईंचा फोटो असणारच. चार दिवस शोधत बसलो आणि एकही सापडला नाही. फोटो निघायला लागला की त्या आपण होऊन बाजूला व्हायच्या, शुभकार्यात आपली सावली नको म्हणून. आणि माझी सवय कडा साफ ठेवायची. कुठं नुसता कोपर आला होता, कुठं नऊवारीचा काठ. तेही अल्बम करताना मी काढून टाकलं होतं. फार वाईट वाटलं.

मग कॅमेरा घेऊन लासुर्ण्याला गेलो. अनसाबाई जुन्या घराच्या ओट्यावर शेंगा फोडत बसल्या होत्या. फोटोचं नाव काढल्यावर म्हणाल्या, "एकलीचा काय करायचाय फोटू? त्येंच्यासंगं निघत आसंल तर काढा." मी सांगितलं की तसाच काढायचाय, यजमानांचा नंतर जोडतो. त्यावर त्यांनी हातातली शेंग सुपात टाकली. मग हळूच विचारलं, "त्येंचं त्वांड दिसंल व्हय त्यात?" मी म्हणालो, दिसेल की. "मला आठवत न्हाय मास्तर. लई जीव लावून बघितलं, डोळ्याम्होरं येत न्हाय. मरायच्या आत एकदा बघायचं हाय."

त्यांना मी दाराशी बसवलं. म्हाताऱ्या माणसाला कधी समोरून उजेड देऊ नये, सुरकुत्या सपाट होतात आणि माणूस पिठानं माखल्यासारखा दिसतो. दाराच्या चौकटीतनं बाजूचा, सौम्य उजेड घ्यायचा. अर्धा चेहरा उजळतो, अर्धा हलक्या सावलीत राहतो. मी बाकडं तिरकं लावलं, त्यांना मधोमध बसायला सांगितलं आणि कॅमेरा डोळ्याला लावला. तर त्यांनी विचारलं, ते कुठल्या अंगाला असतील? मी म्हणालो, तुमच्या उजव्या. अनसाबाई उठल्या, डावीकडं सरकून बसल्या आणि उजव्या बाजूचं बाकडं पदरानं पुसून घेतलं. मग पदर नीट केला आणि समोर बघितलं. आयुष्यात मी हजारो माणसं बसवली, पण अशी स्वतःहून बसलेली बाई मी दुसरी पाहिली नाही. तो फोटो माझ्या हातून निघालेला सगळ्यात चांगला फोटो आहे, हे मी कुणालाही सांगेन.

आता यजमानांचा चेहरा पाहिजे. त्यांचं नाव सदाशिव. त्यांचे थोरले भाऊ गणपतनाना सुप्याकडं त्याच गावात हयात होते, ऐंशीच्या पुढचे पण ताठ. बाळासाहेब आणि मी गाडी घेऊन गेलो. नानांनी माळ्यावरनं एक काच फुटलेली फ्रेम काढून दिली. गावच्या लेझीम पथकाचा फोटो, पुण्याहून कुणीतरी काळ्या कापडाचा कॅमेरा घेऊन आला होता तेव्हाचा. पोरं दोन रांगांत उभी, हातात लेझमा. नाना म्हणाले, "ह्यो बगा सदा. शेवटून दुसरा. मागं बैल सुटला म्हून ह्यानं मान वळिवली, आन् तेवढ्यात त्या बाबानं फोटू काढला."

सगळ्यांचे चेहरे लख्ख, मिशांचे केस मोजावेत असे, आणि सदाशिवरावांच्या जागी नुसता एक धूसर ओघळ. ज्यांना समजत नाही त्यांच्यासाठी सांगतो. उजेड कमी असला की कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. जुन्या कॅमेऱ्यात तर माणसांनी दम धरून उभं राहायचं. तेवढ्या वेळात जो हलला तो पुसला गेला. टोपी कळत होती, खांद्याची ठेवण कळत होती, पण डोळे, नाक, तोंड काही म्हणजे काही नव्हतं. आणि दुसरा फोटो कुठंच नव्हता.

बाळासाहेब निराश झाले. मी मात्र इरेला पेटलो. मी नानांना त्यांच्या दारात, तशाच बाजूच्या उजेडात बसवलं आणि त्यांचे भरपूर फोटो काढले. सख्खे भाऊ, हाडापेराची ठेवण एकच. दुकानात येऊन कामाला लागलो. नानांच्या सुरकुत्या काढल्या, गाल भरले, केस काळे केले, मिशी कोवळी केली. डोळे मात्र जसेच्या तसे ठेवले, कारण डोळे बनवता येत नाहीत, बनवलेले लगेच कळतात. टोपी आणि खांदे त्या जुन्या फोटोतले घेतले. ह्या वेळी कोट घातला नाही. पुरा आठवडाभर दुसरं काम घेतलं नाही. शेवटी अनसाबाईंच्या उजव्या बाजूला, त्यांनी पुसून ठेवलेल्या जागेवर एक पंचविशीतला देखणा गडी येऊन बसला, आणि मीच माझ्यावर खूश झालो. बाळासाहेबांनी बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आत्याला एकदम वास्तुशांतीलाच दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं.

वास्तुशांतीला अख्खं लासुर्णं लोटलं होतं. फोटो केवढा, तर दोन माणसांनी धरून टांगावा लागला, वरनं खास दिवे सोडलेले. बाळासाहेब आत्याला हाताला धरून हॉलमध्ये घेऊन आले आणि फोटोवरचं कापड बाजूला केलं. अनसाबाईंनी मान वर करून बघितलं. क्षणभर त्यांचा चेहरा असा उजळला की मला माझ्या साऱ्या मेहनतीचं चीज झाल्यासारखं वाटलं. आणि मग त्यांनी डोक्यावरचा पदर पार नाकापर्यंत खाली ओढला, पाठ फिरवली आणि लगालगा स्वयंपाकघरात निघून गेल्या. लोकांना वाटलं, म्हातारीला भरून आलं.

मलाही तसंच वाटलं. दोन शब्द ऐकायला मिळतील म्हणून मी मागोमाग गेलो. त्या कोपऱ्यात धान्याच्या कोठीशी उभ्या होत्या. मला म्हणाल्या, "मास्तर, ह्ये तर थोरलं भावजी हायती."

मी काहीतरी सारवासारव करायला गेलो, की भाऊ भाऊ सारखेच दिसतात. त्या म्हणाल्या, "डोळं त्येंचंच हायती. मी वळकती, पुढं कार्याला हितं यायचं तवा पदराआडनं दिसायचं. येका सालात मी त्येंच्याम्होरं कधी उभी न्हाय ऱ्हायली, त्येंची चाहूल लागली की भिताडाआड व्हायची. आन् तुमी मला त्येंच्या खांद्याला खांदा लावून बशिवलं."

हे वाचणाऱ्या शहरातल्या मंडळींना कदाचित ह्यात काय एवढं असं वाटेल. आमच्याकडच्या जुन्या बाईला विचारा. थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. त्याच्यासमोर खाटेवर बसायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, त्याच्या अंगावरनं जायचं नाही. मी ह्याच मातीतला, माझ्या आईला मी हेच करताना बघितलेलं. पण नानांचे डोळे उचलताना मला फक्त डोळे दिसले होते.

त्यांनी मग विचारलं की तुम्ही हे ज्याच्यावरनं केलं तो मूळ फोटो कुठं आहे. धंद्यातला माणूस मूळ खराब फोटो गिऱ्हाइकाला दाखवत नाही. पण त्या दिवशी नाही म्हणायची माझी ताकद नव्हती. मोबाईलमध्ये होता, तो काढून दिला. मी बोट ठेवून दाखवायच्या आतच त्यांनी दोन्ही रांगांवरनं नजर फिरवली आणि शेवटून दुसऱ्यावर थांबल्या.

"ह्ये," त्या म्हणाल्या. "ह्येच."

मी म्हणालो, आजी, त्यात तर तोंडच दिसत नाही, फोटो हललाय.

"मला तरी कवा दिसलं व्हतं? दिवसाउजेडी मान वर करून कोन बघतंय? जाता-येता पदराआडनं येवढंच दिसायचं. अंगणातनं गेलं की असंच जायाचं, मान वळवून. मी आपली त्वांड आठवत बसली." मोबाईल त्यांनी कितीतरी वेळ सोडला नाही. बाहेरनं बाळासाहेबांची हाक आली तेव्हा तो माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "बाळाला ह्यातलं काय बी सांगू नगा. लई हौसंनं केलंय पोरानं."

मी शब्द दिला. त्या हललेल्या फोटोतला तेवढाच भाग घेऊन, अनसाबाईंच्या शेजारी बसवून, एक लहान प्रत मी त्यांना पुढच्याच आठवड्यात गुपचूप नेऊन दिली. त्यात माझी काहीच करामत नव्हती. मी काही दुरुस्त केलं नव्हतं. त्यांनी ती घडीच्या लुगड्यात ठेवली. पण भिंतीवरचा फोटो तसाच राहिला. बाळासाहेब मला भेटले की सांगायचे, आत्या अजून जुन्या ओट्यावरच बसते, हॉलमध्ये यायला बघत नाही, फोटोपुढं आली की पदर ओढून घेते, किती माया म्हणायची मामांवर. आत्याच्या यजमानांना ते मामा म्हणायचे. मी हो हो करायचो. ज्या घरात तिची जागा मांडायची म्हणून हा सगळा खटाटोप केला, त्याच घराच्या हॉलमध्ये ती बाई मोकळ्या डोक्यानं पाच मिनिटं बसू शकली नाही. आणि रोज त्या फोटोखाली अगरबत्ती लागत होती.

गेल्या वर्षी अनसाबाई गेल्या. दहाव्याला मी गेलो होतो. फोटोला हार घातला होता. नाना त्याआधीच वारले होते, त्यामुळं डोळे कुणाचे हे बाहेरच्या कुणाला कळायचं कारण उरलं नव्हतं. एक पाहुणे मला बाजूला घेऊन म्हणाले की मास्तर, कमाल केलीत, डोळे कसे अगदी जिवंत वाटतात. मी जेवायला थांबलो नाही.

शब्द दिला होता तो त्या हयात असेपर्यंत पाळला. आता बाळासाहेबांच्या तोंडावर सांगायला जायचं म्हणून मी दोनदा लासुर्ण्याच्या फाट्यापर्यंत जाऊन परत आलो. हा अंक त्यांच्या घरी येतो हे मला माहीत आहे, म्हणून हे इथं लिहिलं.

बाळासाहेब, हॉलमधला तो फोटो उतरवा. तुमची काही चूक नाही, आत्यानं शेवटपर्यंत तुमच्या हौसेचीच काळजी केली. खिळा तसाच राहू द्या, दुसरा फोटो मी घेऊन येतो. त्यात मामांचं तोंड दिसणार नाही. आल्यागेल्यानं विचारलं की हे असं का, तर सांगा, आत्याला ते तेवढेच दिसले होते.